विचारा प्रेसशॉपच्या काकांना : सेन्सर बसवला, तरी भीती वाटते

प्रश्न : काका, नमस्कार. मी भोसरीत एका प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून-कापून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, कंत्राटी ऑपरेटर आहे. माझा 50 टनी सी-फ्रेम प्रेस जुना, पिन क्लचचा. कस्टमरचं ऑडिट होतं म्हणून मालकांनी त्याला लाइट कर्टन, म्हणजे हात आडवा आला की करंट तोडणारा किरणांचा पडदा, बसवून घेतला. तेव्हापासून सुपरवायझर म्हणतात, "सेन्सर आहे ना, मग चिमटा कशाला? हाताने टाक, पीस वाढतील." गेल्या आठवड्यात माझ्या जोडीदाराने पेडल एकदाच दाबलं आणि रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) दोनदा खाली आला. स्प्रिंग बदलून प्रेस लगेच चालू केला. बोललो तर ठेकेदार उद्यापासून येऊ नको म्हणेल. काय करू?

उत्तर : तुझी भीती अगदी बरोबर आहे. तिचं कारण नीट समजून घे, म्हणजे सुपरवायझरसमोर ठाम बोलता येईल.

पिन क्लचच्या प्रेसमध्ये फ्लायव्हील सतत फिरत असतं. पेडल दाबलं की पिन सुटून फ्लायव्हीलच्या खाचेत अडकते आणि क्रँकशाफ्टला बरोबर ओढून नेते. अडकलेली पिन पूर्ण फेरा झाल्यावर, रॅम परत वर आल्यावरच बाहेर निघते. मधल्या वाटेत तिला सोडवणारं काहीच त्या यंत्रात नाही. कर्टनने तुझा हात पाहिला आणि करंट तोडला, तरी बंद काय होणार? मोटर. फ्लायव्हीलमधला जोर तसाच असतो, रॅम आपला स्ट्रोक पुरा करतो. मिनिटाला 60 स्ट्रोकचा प्रेस वरून खाली यायला अर्धा सेकंद घेतो. पेडल सोलेनॉइडवर (विजेच्या चुंबकावर) चालणारं असेल तर हात आत असताना नवा स्ट्रोक सुरू होणार नाही, एवढाच काय तो कर्टनचा उपयोग. पिन क्लचच्या प्रेसवर त्याच्या भरवशावर हात आत घालायचा नाही.

कर्टन शोभतो तो हवेवर चालणाऱ्या फ्रिक्शन क्लचच्या प्रेसला, कारण तो मधेच थांबू शकतो. तिथेही अंतर पाहावं लागतं. माणसाचा हात सेकंदाला साधारण 1.6 मीटर वेगाने आत जातो असं धरतात. प्रेसला थांबायला 0.2 सेकंद लागत असतील तर तेवढ्यात हात 32 सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे कर्टन डायपासून (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यापासून) त्याहून लांब हवा. मी मात्र डायपासून जेमतेम वीतभर अंतरावर बसवलेले कर्टन पाहिलेत. का, तर फ्रेमला बोल्टची भोकं तिथे आधीच होती!

आता रॅम दोनदा आला ते. तुझ्या पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट हीच आहे. त्यात पेडलवर पायही नसतो, ऑपरेटर निर्धास्त होऊन पीस काढायला हात घालतो आणि रॅम खाली येतो. कारणं ठरलेली असतात : पिनची कड झिजून गोल होते, स्प्रिंग थकते किंवा तुटते, नाहीतर ब्रेकच्या लायनरला तेल लागून शाफ्ट वर थांबायच्या जागी न थांबता पुढे सरकतो. नुसती स्प्रिंग बदलल्याने यातलं एकच कारण जातं. क्लच खोलून पिन हातात घ्यायला हवी. कड गेली असेल तर नख फिरवलं तरी कळतं. फ्लायव्हीलचा बुश आणि ब्रेकही बघायला हवेत. तोवर त्या प्रेसचा मेन स्विच कुलपात असला पाहिजे.

सुपरवायझरला पटत नसेल तर मेंटेनन्सवाल्याकडून एक चाचणी करून दाखव. डायमध्ये माल नको, जवळ कोणी नको. रॅम खाली येत असताना लांब लाकडी पट्टी फक्त कर्टनच्या किरणांत धरायची, डायमध्ये नाही. रॅम थांबत नाही हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहू दे. माझ्या अनुभवात यानंतर वाद उरत नाही.

खरा उपाय म्हणजे डायभोवतीचा पक्का गार्ड. जाळीचा किंवा पॉलिकार्बोनेटचा, पाना लावल्याशिवाय न निघणारा. ब्लँक (कापलेला कच्चा पत्रा) फटीतून ढकलपट्टीने आत जावा, तयार पीस हवेच्या झोताने किंवा घसरगुंडीने बाहेर पडावा. डायजवळची फट 6 मिलिमीटरच्या वर नको, बोटच जाता कामा नये. टूलरूममध्ये हे काम सहज होतं. गार्ड येईपर्यंत चिमटा किंवा मॅग्नेट सोडू नकोस, पीस कमी निघाले तरी. आणि सेटरला सांग, डाय बदलताना मोटर बंद करून भागत नाही. फ्लायव्हील पूर्ण थांबू दे आणि रॅमखाली टेकू दे.

नोकरीचं म्हणशील, तर एकटा बोलू नकोस. शिफ्टमधल्या चार-पाच जणांनी मिळून मेंटेनन्सच्या रजिस्टरमध्ये प्रेसचा नंबर, तारीख आणि "डबल स्ट्रोक" असं लिहायला लावा. चालत्या यंत्राचा धोकादायक भाग झाकलेलाच हवा, ही अट 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 21 पासून चालत आलेली आहे, आणि कंत्राटी माणूसही तिथे कामगारच धरला जातो. तरीही कोणी हललं नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करा. तक्रार कोणी केली हे निरीक्षकाने गुप्त ठेवायचं असतं.

प्रश्न : माझ्या मिस्टरांची उजव्या हाताची दोन बोटं प्रेसमध्ये गेली. चाकणला आहेत. कंपनीवाले म्हणतात, "खर्च आम्ही करतो, घरी लागलं असं लिहून द्या." ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) कार्ड अपघाताच्या दुसऱ्या दिवशी काढलं. आता काही मिळेल का?

उत्तर : ताई, त्या कागदावर सही करू देऊ नका. दवाखान्याचा खर्च आज भागेल, पण पुढच्या तीस वर्षांचा हक्क त्या एका ओळीने धोक्यात येतो.

कामावरच्या अपघाताला ईएसआयचं संरक्षण नोकरीच्या पहिल्या दिवसापासून असतं, आधी किती हप्ते भरले हे बघत नाहीत. नोंदणी उशिरा केली हा मालकाचा दोष. फक्त मिस्टर आधीपासून कामावर होते याचा पुरावा जमवा : गेटपास, हजेरीचा फोटो, बँकेत आलेला पगार, सुपरवायझरचे व्हॉट्सअॅप मेसेज. अपघाताचा अहवाल कंपनीने ईएसआय कार्यालयाला द्यायचा असतो. देत नसतील तर तुम्ही स्वतः शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बरे होईपर्यंत पगाराच्या सुमारे 90 टक्के रक्कम मिळते. नंतर मेडिकल बोर्ड कायमचं अपंगत्व ठरवतं. एका हाताची दोन बोटं गेली तर कायद्याच्या परिशिष्टात कमाईच्या क्षमतेचं 20 टक्के नुकसान धरलेलं आहे, आणि त्या प्रमाणात दरमहा रक्कम आयुष्यभर मिळते. बोर्डाच्या आकड्यावर अपीलही करता येतं.

गुरगाव-मानेसर भागात 'सेफ इन इंडिया' ही संस्था वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांतल्या अशा जखमी कामगारांसाठी काम करते. तिच्या 'क्रश्ड' या वार्षिक अहवालांतही अपघातानंतर काढलेल्या कार्डांची नोंद पुन्हा पुन्हा येते. मालकाच्या या दिरंगाईपायी तुम्ही हक्क सोडू नका.

प्रश्न : तुटलेलं बोट बर्फात टाकून न्यायचं का?

उत्तर : थेट बर्फात कधीच नको, मांस गोठून खराब होतं. सलाइनने ओल्या केलेल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फ-पाण्यात ठेवा. जखमेवर स्वच्छ कापड दाबून हात वर धरा. प्रेसमध्ये चिरडलेलं बोट जोडता येईलच असं नाही, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या. निघण्याआधी हॉस्पिटलला फोन करून विचारा, हाताची शस्त्रक्रिया करणारे सर्जन आत्ता आहेत का. नसतील तर दुसरीकडे गाडी घ्या.