तोफेवरून एनसीसीच्या मैदानावर

तुम्ही विचारलंय, 'भाऊ तोफखान्यात नायक आहे, अचानक एनसीसी बटालियनला बदली झालीय, ही शिक्षा तर नाही ना? तो तिथे करणार काय?'

शिक्षा नाही, एवढं आधी मनातून काढून टाका. रेजिमेंटबाहेरच्या अशा ठरावीक मुदतीच्या नेमणुकीला फौजेत ईआरई म्हणतात. मुदत संपली की जवान परत आपल्या युनिटला येतो.

माझंही असंच झालं होतं. मी हवालदार, बोफोर्सच्या डिटॅचमेंटचा नंबर वन. म्हणजे ती तोफ आणि तिच्यावरची पोरं माझ्या जबाबदारीवर. एका सकाळी हेड क्लार्कसाहेबांनी बोलावून ऑर्डर हातात दिली : एनसीसी, पीआय स्टाफ, म्हणजे कॅडेटांना शिकवणारे फौजी. कॉलेजच्या मुलांना सावधान-विश्राम शिकवायचं! त्या रात्री मी घरी फोनच केला नाही. सांगणार काय, हेच सुचेना.

बोफोर्स १५५ मिलिमीटरची. गोळा ४० किलोच्या वर, निशाणा कित्येक किलोमीटर लांब. ओपीवरचा, म्हणजे पुढच्या निरीक्षण चौकीवरचा अधिकारी निशाणा बघतो, कमांड पोस्टकडून आकडे येतात, आम्ही तोफ लावायची आणि फायर करायचं. इतकी वर्षं मी गोळे डागले, पण ते पडताना माझ्या डोळ्यांनी कधी पाहिले नव्हते. रेडिओवर जे कळेल तेवढंच.

एनसीसीत पहिली फायरिंग होती पॉइंट टू-टू रायफलची, २५ मीटरवर. एक मुलगी ट्रिगर दाबताना डोळे गच्च मिटून घ्यायची. मी तोफेवरच्या आवाजात ओरडलो. तिने ते आणखी घट्ट मिटले. पाचही राउंड टारगेटबाहेर. दुपारी आमचे सुभेदारसाहेब बाजूला घेऊन म्हणाले, "ही पोरं पगारावर नाहीत. यांना आधी कारण सांग, मग हुकूम दे."

दुसऱ्या वेळी मी तिच्या शेजारी जमिनीवर आडवा झालो. रायफल रिकामी. श्वास कुठे थांबवायचा, ट्रिगर हिसका न देता का दाबायचा, धक्का किती हलका असतो, हे सगळं तीन-चारदा करून घेतलं. मग राउंड दिले. तिने टारगेटचा कागद आणून माझ्या हातात दिला, चार भोकं जवळजवळ एकमेकांना चिकटलेली. फायरचा निकाल असा हातात धरून मी नोकरीत पहिल्यांदाच बघत होतो. तो कागद अजून माझ्या ट्रंकेत आहे.

काम फक्त परेडचं नसतं. नकाशावाचन शिकवायचं, दहा दिवसांच्या कॅम्पात तंबूपासून मेसपर्यंत बघायचं, रोज संध्याकाळी कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या खोलीत, हत्यारं मोजून घ्यायची. मुलं 'बी' आणि 'सी' सर्टिफिकेटसाठी येतात. 'सी' चांगल्या ग्रेडने आणि पदवी पुरेशा गुणांनी मिळवली, तर एनसीसी स्पेशल एंट्रीतून लेखी परीक्षेशिवाय एसएसबीच्या, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या मुलाखतीला जाता येतं. उद्याचे अधिकारी त्याच रांगेत उभे असतात, म्हणून भावाने हे काम हलकं समजू नये.

निघण्याआधी त्याने हेड क्लार्कना भेटून पुढच्या प्रमोशनचा कॅडर (बढतीआधीचं युनिटमधलं प्रशिक्षण) आणि कोर्स कधी आहे ते विचारून घ्यावं. लांब गेल्यावर तारखा निसटतात. तिथे पोचल्यावर जुन्या उस्तादाकडून रजिस्टरं तर मिळतीलच, पण कोणत्या कॉलेजचे एएनओ म्हणजे एनसीसी बघणारे प्राध्यापक कसे आहेत, तेही विचारावं. निम्मं काम त्यांच्यामुळे होतं. आणि गन ड्रिलची वही सोबत न्यावी, अधूनमधून चाळावी.

मी परत आलो तेव्हा माझ्या तोफेवर दुसरा नंबर वन होता. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मला दुसरी तोफ मिळाली, नवी पोरं मिळाली. पुढच्या फायरिंगच्या वेळी मी बॅटरी कमांडरसाहेबांकडे एकच परवानगी मागितली : एकेका पोराला पाळीपाळीने ओपीवर नेऊन, आपला गोळा कुठे पडतो ते दाखवायची. साहेबांनी दिली.