पुण्याच्या पेठांमधील सगळेच जुने वाडे पेशवेकालीन आहेत का?

आपण विचारले आहे की सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांमधील जुन्या घरांच्या शैली कोणत्या, आणि घरमालक ज्याला ‘पेशवेकालीन’ म्हणतात तो वाडा खरोखर तेवढा जुना आहे की नाही हे कसे ओळखावे. माझे बालपण नारायण पेठेतील अशाच एका वाड्यात, भाडेकरूंच्या बिऱ्हाडात गेले. त्या अनुभवावरून आणि नंतर हौसेने केलेल्या भटकंतीवरून सांगतो, की आज उभ्या असलेल्या वाड्यांपैकी बहुतेक १८१८ नंतरचे, म्हणजे इंग्रजी अमदानीतले आहेत. पेशवाईतील लाकडी बांधकामाला आगीचे भय मोठे होते. शनिवारवाडा १८२८ साली जळाला, बुधवारवाडा १८७९ साली, आणि त्याच वेळी विश्रामबागवाड्याचाही काही भाग आगीत गेला. खुद्द पेशव्यांच्या वाड्यांची ही गत, तर सामान्य गृहस्थांच्या घरांबद्दल काय बोलावे!

गोंधळ होण्याचे कारण असे, की राज्य बदलले तरी बांधणारे गवंडी-सुतार तेच राहिले आणि घराची मांडणीही फारशी बदलली नाही. दगडी जोते, त्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, त्या सांगाड्यात मातीत रचलेल्या विटांच्या जाड भिंती, मधोमध उघडा चौक आणि चौकाभोवती सोपे, म्हणजे चौकाकडे उघड्या ओसऱ्या, ही रीत इंग्रजी अमदानीतही चालू राहिली. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण, आणि घराचे मोजमाप या खणांतच सांगितले जाई. भार सांगाड्यावर असल्यामुळे एखादी भिंत पडली तरी माळा जागच्या जागी राहतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांमधील मातीच्या भिंती अक्षरशः विरघळल्या, तेव्हा काही घरांचे नुसते खांब आणि तुळया उभ्या होत्या, असे आमच्या घरातील वडीलधारी मंडळी सांगत.

अस्सल जुन्या कामाचा नमुना पाहायचा असेल तर दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या विश्रामबागवाड्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे उभे राहून दर्शनी भाग निवांत पाहावा. तेथील सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब खाली कमळाच्या पाकळ्यांतून वर येतात, वर निमुळते होतात आणि दोन खांबांमध्ये महिरप धरतात. महिरपीच्या टोकाला केळफूल लोंबते. हे सर्व सागवानात कोरलेले आहे. शनिवारवाड्याजवळच्या नानावाड्यात तर दोन्ही काळ एकाच आवारात दिसतात: आत नाना फडणवीसांच्या वेळचा लाकडी भाग आणि त्याला इंग्रजी अमदानीत जोडलेली दगडी इमारत.

१८५८ साली पुण्याला रेल्वे आली आणि घरांचे रूप हळूहळू बदलू लागले, कारण लांबून लोखंड, काच आणि कौले आणणे सोपे झाले. नळीच्या कौलांच्या जागी मंगळुरी कौले आली, लाकडी तुळईच्या जागी लोखंडी गर्डर आला, सज्ज्याला बिडाचे कठडे लागले, दारावर रंगीत काचेची अर्धवर्तुळे बसली आणि पागोळ्यांच्या कडेला कातरलेल्या लाकडाची झालर आली. याच काळात मालकांनी मागच्या चौकाभोवती लांब गॅलरी काढून एकेक-दोनदोन खोल्यांची बिऱ्हाडे भाड्याने दिली. पुढून वाडा आणि मागून चाळ असे जे घर पेठांमध्ये जागोजागी दिसे, ते मला पुण्याचे खरे वैशिष्ट्य वाटते, जरी पुस्तकांत त्याला सरदारी वाड्याएवढी जागा मिळत नाही. त्यानंतर १९३० च्या सुमारापासून सिमेंट-काँक्रीट आले आणि गोलाकार कोपऱ्यांची, दर्शनी भागावर सिमेंटच्या उठावदार अक्षरांत नाव कोरलेली घरे दिसू लागली. पण ही शैली पाहायची तर पेठांपेक्षा डेक्कन जिमखान्याकडे जावे.

आता ओळखण्याविषयी. वरून पाहून निर्णय करू नये, कारण छप्पर आणि दर्शनी भाग हीच घराची सर्वांत आधी बदलणारी अंगे. आमच्या वाड्याची कौले शाकारताना प्रत्येक कौलामागे मंगळूरच्या कारखान्याचा छाप निघाला आणि आमच्या ‘पेशवेकालीन’ अभिमानाला तडा गेला, कारण मंगळूरला अशा कौलांचा पहिला कारखानाच १८६५ साली निघाला. पण एका अनुभवी सुताराने लगेच दुरुस्ती केली: कौलाचे वय हे घराचे वय नव्हे. उलट जुन्या घराचा पुढचा खण रस्तारुंदीत जाऊन त्याला नवे तोंड बसवलेलेही पुष्कळदा आढळते. म्हणून खाली पाहावे. खांबाखालचा दगडी तळखडा, जोत्याचे घडीव चिरे, गिलावा उडाला असेल तेथे दिसणारी वीट, ही सहसा बदलत नाहीत. पातळ, चपटी वीट जुनी आणि आजच्या मापाच्या जवळ जाणारी जाड वीट नंतरची. चौकटीवर गणेशपट्टीजवळ शक कोरलेला असेल तर त्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळते. ‘शके १८१२’ वाचून पेशवाईचा भास होणारे लोक मी पाहिले आहेत. ते साल १८९० आहे.

मालक परवानगी देतील तर दिंडीदरवाजाच्या मागच्या बाजूला, भिंतीत अडसर सरकवण्यासाठी ठेवलेले चौकोनी भोक शोधावे आणि त्यात हात घालून पाहावा; अडसर जितका लांब, तितके हे भोक खोल. आमच्या वाड्यात तो जेमतेम मनगटापर्यंत जाई. शेजारच्या आळीतील एका पडक्या वाड्यात मात्र खांद्यापर्यंत गेला होता, आणि त्या वाड्याच्या जुनेपणाविषयी माझी काही शंका उरली नाही.