आधी अहिराणीवरची बंदी उठवा

प्रश्न : मुलगी बी.ई. झाली आहे, ब्रिटनमध्ये एमएस्सी करायचं आहे. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत स्पीकिंगला ६ बँड (गुण) मिळाले, विद्यापीठाला ६.५ हवेत. गावाकडच्या उच्चारांनी घात केला. आता ॲक्सेंटचा क्लास लावलाय, घरात फक्त इंग्रजी. आजीशी अहिराणी बोलणंही बंद केलंय. अजून काय करू? – एक पालक, सातपूर

उत्तर : भाऊसाहेब, काही करण्याआधी ती बंदी उठवा. आजीशी अहिराणी बोलल्याने इंग्रजी बिघडत नाही. पण घरात प्रत्येक वाक्याला कुणीतरी टोकणार म्हटलं की मुलगी तोंड उघडण्याआधी वाक्य मनात तपासायला लागते. परीक्षेत तेच अडखळणं नडतं, फ्लुएन्सीचे मार्क जातात. म्हणजे तुमचा उपायच तिला महागात पडेल.

उच्चारांनीच घात केला हे कशावरून ठरवलंत? फ्लुएन्सी, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार या चौघांना स्पीकिंगमध्ये सारखं वजन असतं. निकालावर एकच बँड छापून येतो, त्यामुळे कुठे कमी पडलं हे क्लासवाल्यालाही कळायला मार्ग नाही. शिवाय उच्चारांत बघतात ते ऐकणाऱ्याला सहज कळतंय का एवढंच. आपलं बोलणं अडतं ते बहुतेकदा जोरापाशी : 'डेव्हलप' आपण सपाट म्हणतो, इंग्रजीत जोर 'व्हे'वर पडतो. असे रोज दहा शब्द वाक्यात घालून मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकावेत. उसना गोरा ॲक्सेंट स्पीकिंगच्या दुसऱ्या भागात, दोन मिनिटं सलग बोलताना, हमखास गळून पडतो.

या परीक्षांचा इतिहास स्वच्छ आहे असं मुळीच नाही. गोरे नसलेल्यांना अडवायला ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये श्रुतलेखनाची परीक्षा आणली, तीही अधिकारी म्हणेल त्या युरोपीय भाषेत. ती १९५८ पर्यंत टिकली. आजही ब्रिटनच्या व्हिसा नियमांतल्या इंग्रजीभाषक देशांच्या यादीत जमैका आणि माल्टा आहेत, भारत नाही. राग येणारच, पण तो पोरीवर कशाला?

फेरतपासणीचा अर्ज परीक्षेपासून सहा आठवड्यांत करता येतो. रेकॉर्डिंग दुसरा परीक्षक ऐकतो, बँड वाढला तर फी परत मिळते. परीक्षा कॉम्प्युटरवर दिली असेल तर ६० दिवसांत फक्त स्पीकिंग पुन्हा देता येतं. विद्यापीठ तो निकाल धरतं का, हे आधी ईमेलवर लेखी घ्या. त्याच ईमेलमध्ये आणखी एक विचारा. बारावीच्या इंग्रजीच्या मार्कांवर आयईएलटीएस माफ करणारी ब्रिटिश विद्यापीठंही आहेत, आणि तिचे ते मार्क तुम्ही पत्रात लिहिलेलेच नाहीत. क्लासचा पुढचा हप्ता भरण्याआधी ती मार्कशीट काढा.