'प्रथिनाची विद्राव्यता वर्तवणे' हा प्रयोग योग्य आहे का?

'संख्याशास्त्रीय प्रारूपाने जिवाणूतील प्रथिनाची विद्राव्यता वर्तवणे' ही रचना बरोबर आहे का, आणि 'विद्राव्यता' हा शब्द इथे चालेल का, अशी एका वाचकाची पृच्छा आहे.

विद्राव्य, म्हणजे विरघळू शकणारा, हा शब्द निःशंकपणे वापरावा. 'द्रु' धातूला 'वि' उपसर्ग लागून तो बनला आहे आणि 'विद्राव्य खते' या रूपाने तो शेतकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यात रुळलेला आहे. त्याच्या अर्थामध्ये मात्र शास्त्रागणिक फरक पडतो. रसायनशास्त्रात विद्राव्यता मोजून सांगतात. २५ अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते. प्रथिनांच्या बाबतीत ई. कोलाय जिवाणूत परके जनुक घालून प्रथिन तयार करवतात, मग पेशी फोडून तो द्रव अपकेंद्री यंत्रात वेगाने फिरवतात. प्रथिन वरच्या निवळीत राहिले तर ते विद्राव्य, आणि अमिनो आम्लांच्या साखळीची घडी नीट न पडल्यामुळे त्याचे रेणू एकमेकांना चिकटून तळाच्या साक्यात गेले तर अविद्राव्य. निवळ आणि साका हे नेमके शब्द मराठीत असताना इथे नवी परिभाषा घडवू नये, असे मला आग्रहाने वाटते.

खरी अडचण 'वर्तवणे' या क्रियापदाची आहे. आपण भविष्य वर्तवतो, अंदाज वर्तवतो, पावसाची शक्यता वर्तवतो. पाऊस वर्तवत नाही. म्हणून 'विद्राव्यतेचा अंदाज वर्तवणे' किंवा 'अंदाज बांधणे' असे लिहावे.

'भाकीत' मी टाळेन, कारण त्यात ठाम विधानाची छटा आहे आणि ही प्रारूपे, म्हणजे माहितीवरून अंदाज काढणारी गणिती सूत्रे, तसे विधान करत नाहीत. विल्किन्सन आणि हॅरिसन या संशोधकांनी १९९१ मध्ये ८१ प्रथिनांच्या माहितीवरून असे प्रारूप मांडले. अमिनो आम्लांच्या क्रमावरून काढता येणारे सहा गुणधर्म त्यांनी विचारात घेतले होते. पुढच्या सुधारित रूपात सरासरी विद्युतभार आणि साखळीला वळण देणाऱ्या अमिनो आम्लांचे प्रमाण हे दोनच उरले. त्यातून हाती येते ती प्रथिन विद्राव्य असण्याची संभाव्यता, आणि 'संभाव्यता' हा शब्द शालेय गणितामुळे सर्वांच्या ओळखीचा आहे.

वाक्यात परिस्थितीचाही उल्लेख असावा. साक्यात गेलेले प्रथिन युरियाच्या तीव्र द्रावणात विरघळवून पुष्कळदा पुन्हा योग्य घडीत आणता येते; तेव्हा नुसते 'अविद्राव्य प्रथिन' न म्हणता 'ई. कोलायमध्ये ३७ अंशांना तयार केल्यास अविद्राव्य ठरणारे प्रथिन' असे लिहिणे अधिक काटेकोर होईल.