ती ‘एफडी’ एफडी नाही

नागपूरच्या बेसा भागातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४१. बुटीबोरी एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात १३ वर्षांपासून सुपरवायझर. पगार हातात ६६ हजार, त्यात बेसिक ४० हजार. पत्नी घरी शिकवण्या घेतात, त्यांचे महिन्याला ८ हजार येतात. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत. ते लिहितात:

‘दिवाळीपासून आमची तिसरी पाळी बंद आहे. कंत्राटी मुलं गेली, आता आमचा नंबर अशी कुजबुज आहे. एचआरने दोघांकडून राजीनामे लिहून घेतले. फ्लॅटचं २०१८ सालचं कर्ज आहे. २४ लाख बाकी, व्याज ९ टक्के, १४ वर्षं उरली आहेत, हप्ता २५,२००. माझी ५ लाखांची एफडी आहे, ती कर्जात भरून हप्ता कमी करून घेऊ का? दुसरी एक एफडी बँकेतल्या ओळखीच्या मॅडमनी मार्च २०२४ मध्ये काढून दिली होती. वर्षाला १ लाख २० हजार, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी दुप्पट, म्हणजे २४ लाख. ती मधे मोडता येत नाही, म्हणून या मार्चच्या हप्त्यासाठी पत्नीचे दागिने गहाण ठेवायचा विचार आहे. विमा त्यातच आहे, मेडिक्लेम कंपनीचा आहे. बीपीची गोळी सोडली तर तब्येत ठीक. नोकरी गेलीच तर ग्रेच्युइटीच्या पैशांवर ऑप्शन ट्रेडिंग करून महिन्याला २० हजार निघतील का?’

एफडी कर्जात भरू नका. ५ लाख भरले आणि मुदत तीच ठेवली, तर हप्ता २५,२०० वरून साधारण १९,९०० वर येईल. महिन्याला सव्वापाच हजारांची सोय झाली. तेच ५ लाख हातात राहिले तर वीस महिन्यांचे पूर्ण हप्ते निघतात. शिवाय जादा रक्कम भरल्यावर बहुतेक बँका मुदत कमी करतात, हप्ता तसाच ठेवतात. हप्ता कमी हवा असेल तर वेगळा अर्ज द्यावा लागतो, आणि तो द्यायचा असतो हे काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही. आज ५ लाख भरले म्हणून पुढच्या महिन्याचा हप्ता बँक माफ करत नाही, आणि एकदा भरलेले पैसे अडचणीत परत मिळत नाहीत.

आता घराचं गणित मांडू. नोकरी गेली तर काटकसरीचा महिना असा: हप्ता २५ हजार, किराणा-दूध-भाजी-गॅस १४, शाळा ८, वीज-पेट्रोल-औषधं ६ (मे महिन्यात दोन कुलर दिवसरात्र चालतात, ते यात धरलं आहे), विमा ५. एकूण ५८. त्यातून पत्नीचे ८ वजा केले की ५० हजार लागतात. ग्रेच्युइटी म्हणजे बेसिक गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं, तुमची सरळ ३ लाख होते. एफडी धरून ८ लाख, म्हणजे १६ महिने. एफडी कर्जात घातली तर महिन्याला ४५ हजार लागतील आणि हातात फक्त ग्रेच्युइटीचे ३ लाख असतील. जेमतेम सात महिने. पैसे हाताशी ठेवण्याची किंमत किती? ९ आणि साडेसहा टक्क्यांतला फरक, वर्षाला साडेबारा हजार. नऊ महिने जास्त तग धरण्यासाठी ही रक्कम स्वस्त आहे.

एवढं झाल्यावर तुम्ही न विचारलेल्या गोष्टीकडे येतो, कारण पत्रातली सगळ्यात मोठी चूक तिथे आहे. मॅडमनी काढून दिलेली ती ‘एफडी’ एफडी नाही. ती जीवन विम्याची पॉलिसी आहे. कपाटातली फाइल काढून पहिलं पान बघा. एफडीच्या पावतीवर व्याजदर छापलेला असतो. इथे व्याजदर कुठेच दिसणार नाही. त्याऐवजी ‘प्रीमियम’, ‘विमा रक्कम’, ‘प्रीमियम भरण्याची मुदत १० वर्षं’, ‘पॉलिसीची मुदत २० वर्षं’ असे शब्द असतील. पुढे लाभांचा तक्ता असेल आणि त्याखाली तुमची सही. बँक इथे विमा कंपनीची एजंट असते आणि कमिशन घेते, सगळ्यात जास्त पहिल्या वर्षी. ग्राहकाला एफडी सांगून त्याच्या हातात वीस वर्षांची पॉलिसी देणं ही फसवणूक आहे.

‘दुप्पट’ या शब्दाचंही बघा. दहा वर्षं १ लाख २० हजार भरून विसाव्या वर्षी २४ लाख, हा परतावा वर्षाला साडेचार टक्के पडतो. हेच हप्ते पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी भरले आणि वीस वर्षं ठेवले, तर ३५ लाखांच्या आसपास होतात. अकरा लाखांचा फरक आहे. टॅक्स वाचतो हे कारणही तुम्हाला लागू नाही. तुमचं कपातीआधीचं वार्षिक उत्पन्न साधारण ९ लाख, नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य. आणि या साडेचार टक्क्यांसाठी तुम्ही घरातलं सोनं दहा-बारा टक्क्यांच्या कर्जाला गहाण टाकायला निघाला आहात. ते अजिबात करू नका. सोनं ही तुमच्या घरातली शेवटची शिल्लक आहे, ती पॉलिसीच्या हप्त्यासाठी अडकवायची नाही.

मग पॉलिसीचं काय करायचं? सरेंडर करायची, म्हणजे मुदतीआधी बंद करून मिळेल ते परत घ्यायची घाई नको. दोन हप्ते भरून झालेत, २ लाख ४० हजार. तुमची पॉलिसी ऑक्टोबर २०२४ च्या नव्या सरेंडर नियमांआधीची असल्याने हमीची सरेंडर किंमत भरलेल्या रकमेच्या ३० ते ३५ टक्के, म्हणजे ७२ ते ८४ हजार निघेल. विमा कंपनी ठरवते ती विशेष सरेंडर किंमत त्याहून जास्त असेल तर ती मिळेल. दुसरी वाट ‘पेड-अप’ची. दोन वर्षांचे हप्ते पूर्ण भरलेले असले की पुढचे न भरता पॉलिसी लहान होऊन चालू राहते, दहातले दोन हप्ते या प्रमाणात. विसाव्या वर्षी साधारण ४ लाख धरा, नेमका आकडा विमा कंपनीकडून लेखी मागवा. आज हातात पडणारे ८० हजार अठरा वर्षांत ४ लाख करायचे तर वर्षाला नऊ टक्क्यांवर परतावा लागेल, आणि जोखीम न घेता तो मिळत नाही. म्हणून पेड-अप बरी. उरलेले आठ हप्ते भरत राहिलात तर त्या ९ लाख ६० हजारांवर पाचच टक्के सुटतील. तेव्हा तिसरा हप्ता भरायचा नाही.

पण नुसतं ‘भरायचं नाही’ ठरवून भागत नाही. प्रीमियम पगाराच्या खात्यातून आपोआप कापला जात असेल, तर मार्चमध्ये तो कापला जाणारच. तारखेच्या किमान दोन आठवडे आधी बँकेत ऑटो-डेबिटचा आदेश लेखी रद्द करा, पोच घ्या आणि विमा कंपनीलाही ईमेल करा. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते आणि त्या काळात विमा पूर्ण चालू असतो. त्यानंतर विम्याची रक्कम १२ लाखांवरून अडीच लाखांच्या आत येईल (अशा पॉलिसीत ती सहसा वार्षिक हप्त्याच्या दहापट असते). ‘पॉलिसी बुडेल’ असे फोन येतील. पहिल्या न भरलेल्या हप्त्यापासून पाच वर्षांच्या आत ती व्याजासह पुन्हा सुरू करता येते. त्यामुळे आजचा निर्णय कायमचं दार बंद करत नाही.

सोबत विमा कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा की हे मला एफडी म्हणून विकलं, माझे पूर्ण पैसे परत करा. मॅडमचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि हाताने लिहून दिलेला ‘१२ चे २४’ असा कागद असेल तर जोडा. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, नकारानंतर एक वर्षाची मुदत असते. अडचण एकच, पडताळणीच्या फोनवर तुम्ही ‘हो, समजलं’ म्हटल्याचं रेकॉर्डिंग त्यांच्याकडे असणार. पुरावा लेखी असेल तर रक्कम परत मिळू शकते, नुसत्या तोंडी बोलण्यावर अवघड आहे.

‘विमा त्यातच आहे’ असं तुम्ही लिहिलंत. १२ लाखांचा विमा आणि २४ लाखांचं कर्ज! उद्या तुम्हाला काही झालं तर विम्याचे सगळे पैसे बँकेला देऊनही पत्नीच्या डोक्यावर १२ लाखांचं कर्ज उरतं, आणि दोन मुलांचं शिक्षण आहेच. वयाच्या साठीपर्यंत १ कोटीचा साधा टर्म प्लॅन घ्या, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा निव्वळ विमा. त्याचा अर्ज या आठवड्यात भरा, कारण विमा कंपनी तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिप आणि फॉर्म १६ मागते. नोकरी गेल्यावर हाच अर्ज बहुधा नाकारला जाईल. पॉलिसी हातात आली की मगच जुन्या विम्याचा सवलतीचा काळ संपू द्या. वैद्यकीय तपासणी धरून दोन ते चार आठवडे लागतात, म्हणजे मार्चच्या हिशेबात बसतं.

मेडिक्लेमचंही तेच. कंपनीचं संरक्षण सहसा कामाच्या शेवटच्या दिवशी संपतं. चौघांसाठी १० लाखांची स्वतःची फ्लोटर पॉलिसी (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच विमा रक्कम) आत्ता घ्या. बीपीसारख्या आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षा काळ लागतो आणि तो पॉलिसी सुरू झाल्यापासून मोजला जातो, म्हणून थांबण्यात नुकसानच आहे. गट विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करता येतं आणि जुन्या काळाचं श्रेय मिळतं. त्यासाठी एचआरकडून गट पॉलिसीचा क्रमांक आणि विमा कंपनीचं नाव आजच घेऊन ठेवा. दोन्ही अर्जांत बीपीची गोळी, तिचं नाव आणि केव्हापासून घेता हे लिहा. लपवलं तर दावा तिथेच अडतो. बीपीमुळे टर्म प्लॅन थोडा महाग पडेल. दोन्ही मिळून वर्षाला ५५ हजार धरा, सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्यावर जीएसटीही नाही. मॅडमच्या पॉलिसीचे वाचणारे १ लाख २० हजार इथे पुरून ६५ हजार उरतात.

ऑप्शन ट्रेडिंग, म्हणजे शेअर किंवा निर्देशांक पुढे वर जाईल की खाली यावर लावलेला डाव, त्याबद्दल थोडक्यात. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या २०२४ च्या पाहणीत तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले होते. ३ लाखांवर महिन्याला २० हजार म्हणजे वर्षाला ८० टक्के. क्लासवाले हे स्वप्न विकतात, कारण त्यांची कमाई फीमधून येते. ग्रेच्युइटी ही तुमच्या घरातली सहा महिन्यांची भाकरी आहे, तिला हात लावू नका. पीएफही राहू द्या.

एचआरने बोलावलं तर तिथल्या तिथे सही करू नका. ‘घरी वाचून उद्या देतो’ म्हणा. तुम्ही कामावरून कमी होत असाल आणि कागदावर ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा’ लिहिलं, तर पुढे काही मागायला आधार राहत नाही. कामगारांना कपातीत दर वर्षामागे १५ दिवसांचं वेतन मिळतं. नव्या औद्योगिक संबंध संहितेत १८ हजारांवर पगार असलेला सुपरवायझर कामगाराच्या व्याख्येत येत नाही. मात्र हुद्द्यापेक्षा प्रत्यक्ष काम काय करता हे महत्त्वाचं ठरतं, म्हणून नेमणूकपत्र घेऊन कामगार कायद्याच्या वकिलाला एकदा भेटा. नोटीस काळाचा पगार, शिल्लक रजांचे पैसे, ग्रेच्युइटीचा आकडा आणि अनुभवाचं पत्र हे सगळं सहीआधी लेखी हवं. ग्रेच्युइटी ३० दिवसांत द्यावी लागते, उशीर झाला तर व्याजासह.

५ लाखांची एफडी एकाच पावतीत असेल तर मोडून एकेक लाखाच्या पाच करा. लागेल तेव्हा एकच मोडा, दंड तेवढ्यापुरताच बसेल. या एफडी कर्ज असलेल्या बँकेत ठेवू नका. हप्ते थकले तर बँक तुमची ठेव कर्जात वळती करू शकते. दोन टक्के जास्त मिळतात म्हणून पतसंस्थेतही नको, तिथे ५ लाखांपर्यंतचं ठेव विम्याचं संरक्षण नाही.

राहिला हप्ता, जो तुम्हाला मुळात कमी करून हवा होता. २०१८ चं कर्ज बहुधा एमसीएलआरला, म्हणजे बँक आपल्या खर्चावरून स्वतः ठरवते त्या दराला जोडलेलं आहे. रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो रेपो दर २०२५ या एका वर्षात सव्वा टक्क्याने उतरला आणि तुम्ही अजून ९ टक्के भरताय. पगाराच्या स्लिप घेऊन शाखेत जा आणि रेपोशी जोडलेल्या दराला बदलून मागा. काही हजार फी लागेल. बँक ऐकत नसेल तर कर्ज दुसऱ्या बँकेत हलवा. दोन्ही गोष्टी नोकरी असतानाच होतात. ८ टक्के दर मिळाला आणि मुदत तुमच्या साठीपर्यंत, म्हणजे १९ वर्षं करून घेतली, तर हप्ता साधारण २०,५०० वर येतो. ५ लाख भरून जेवढी सवलत मिळणार होती जवळपास तेवढीच, एकही रुपया न घालता. मुदत वाढली म्हणून घाबरू नका. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या गृहकर्जाला आधी फेडण्याचा दंड नसतो. दोन वर्षं २०,५०० भरून, नोकरीचं स्थिर झाल्यावर पुन्हा २५,२०० सुरू केले, तरी दर तोच राहिल्यास कर्ज आजपासून साडेतेरा वर्षांत फिटतं. आज तुमची चौदा उरली आहेत.