भरती-ओहोटीचा पाठ वर्गात कळतो, पण आठवड्याने मुलांना आठवत का नाही?

ताई, तुमचा प्रश्न असा: रत्नागिरीजवळच्या शाळेत सातवीला भरती-ओहोटी शिकवल्यावर मुलं "समजलं" म्हणतात आणि आठवड्याने चाचणीत कोरा कागद देतात, तर पाठाची आखणी कशी बदलावी.

माझ्या मते आखणी शेवटच्या प्रश्नापासून सुरू करा. समजा तो असा आहे: "आज दुपारी 3 वाजता पूर्ण भरती असेल तर उद्या दुपारची भरती कधी, आणि का?" हे सोडवायला जे लागत नाही, ते त्या तासिकेतून काढून टाका. गुरुत्वाकर्षण, केंद्रोत्सारी प्रेरणा, उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती), भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) आणि 24 तास 50 मिनिटं हे सगळं एका दमात सांगितलं की मागचं सांडतं. माणूस एका वेळी साधारण चारच नव्या गोष्टी मनात धरू शकतो, असं मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवान यांनी 2001 मध्ये मांडलं. म्हणून पहिल्या तासिकेत फक्त वेळ, उधाण-भांग दुसऱ्या दिवशी.

तुमच्या मुलांचं भांडवल मोठं आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा हिशोब घरात कुणाला तरी येत असतो: चतुर्थी, म्हणजे 4 ची पाऊणपट 3, म्हणून भरती तीनच्या सुमारास. त्यावरूनच सुरुवात करा. मात्र ओळखीच्या गोष्टीबरोबर चुकीची समजूतही येते, बहुतेकदा ही की पाणी फक्त चंद्राच्या बाजूलाच चढतं. म्हणून समजावण्याआधी विचारा, "मग दिवसात दुसरी भरती कुठून येते?" प्रत्येकाने अंदाज वहीत लिहायचा. अंदाज चुकला तरी चालेल, कारण तो लिहिलेला असला की बरोबर उत्तर नीट ऐकलं जातं.

मग फळ्यावर एक उदाहरण पूर्ण सोडवा. पृथ्वी 24 तासांत स्वतःभोवती एक फेरी मारते, तेवढ्यात चंद्र 12 अंशांहून थोडा जास्त पुढे सरकतो, एका अंशाला 4 मिनिटं, म्हणून सुमारे 50 मिनिटं उशीर. पुढच्या उदाहरणात शेवटची पायरी मुलांसाठी मोकळी ठेवा, त्यानंतरच्यात दोन, आणि मग पूर्ण गणित त्यांचं. थेट स्वाध्याय दिला तर कच्ची मुलं शेजारच्याची वही उतरवतात. आकृतीत नावं आकृतीवरच लिहा. बाजूला अ, ब, क अशी यादी दिली की मुलांचं लक्ष शोधाशोधीतच संपतं. (तिथीच्या हिशोबात रोज 45 मिनिटं आणि पुस्तकात 50, हा फरक कुणी हेरला तर त्याला तोच प्रश्न घरी द्या.)

आता खरी मेख. "समजलं का?" या प्रश्नाने काहीही कळत नाही, पुस्तक मिटून लिहायला लावलं तरच कळतं. रोएडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी पुढे होते, पण आठवड्याने न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. वर्गातला "समजलं" हा त्या पाच मिनिटांतला असतो. म्हणून रोज तासिकेच्या सुरुवातीला पाच मिनिटं, वही बंद, तीन प्रश्न: एक कालचा, एक गेल्या आठवड्याचा, एक महिन्यापूर्वीचा. सगळ्यांनी लिहायचं, बोटं वर करायची नाहीत, नाहीतर नेहमीचीच चार मुलं उत्तर देतात. उत्तर लगेच सांगा, गुण देऊ नका. गुण आले की ती परीक्षा होते आणि मुलं लपवाछपवी करतात.

भरतीचा प्रश्न दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी परत आणा. गणपतीची सुट्टी तर आयतीच मिळते: सुट्टीआधी एकदा, शाळा उघडल्यावर पहिल्याच दिवशी पुन्हा. त्या दिवशी मुलं अडखळतील. तेव्हा पाठ पुन्हा शिकवायला घेऊ नका, "चंद्र किती अंश सरकतो?" एवढाच धागा द्या आणि थांबा.

समुद्रावर न्यायचं असेल तर हातात काम देऊनच न्या: एक खूणकाठी, दर अर्ध्या तासाने नोंद. नुसती सहल झाली की शिंपल्या तेवढ्या आठवतात.