आई पुण्यात एकटी राहते. तिच्यासाठी मांजर दत्तक घेतलं तर खरंच फायदा होईल का?

तुम्ही लिहिलंय की आई कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एकट्या असतात, वय 68, गुडघे दुखतात, तुम्ही बंगळुरूला आहात आणि घरी कुणीतरी सोबत हवं म्हणून मांजराचा विचार चाललाय. फायदा होईल की त्यांच्या डोक्याला नवा ताप, हा तुमचा प्रश्न. माझ्या मते फायदा होईल, चांगला होईल. मात्र मांजर वयात आलेलं असावं, पिल्लू नको, आणि ते आईंनी स्वतः पसंत केलेलं असावं.

फायदे विचारले की लोक रक्तदाबापासून सुरुवात करतात. 2009 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मांजर पाळलेल्या लोकांत हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू येण्याचं प्रमाण कमी दिसलं होतं, हे खरं आहे. पण ते मांजरामुळे, की मांजर पाळणारी माणसं मुळात निवांत स्वभावाची असतात म्हणून, हे त्यातून ठरत नाही. त्यामुळे त्या आशेवर मांजर आणू नका. मी जो फायदा डोळ्यांनी पाहिलाय तो वेगळाच आहे.

माझी आत्या एरंडवण्यात राहते. आतोबा गेल्यावर तिचा दिवसच विस्कटला. एकटीसाठी कुकर कशाला लावायचा म्हणून दुपारी चहा-खारी, रात्री दूध-पोळी. उठायचं कधी, झोपायचं कधी, कशालाच धरबंध नाही. आम्ही सगळे फोनवर 'जेवलीस का?' विचारायचो, ती 'हो' म्हणायची. मग बिल्डिंगमधल्या एका कुटुंबाने घर बदलताना मागे सोडून दिलेली एक करड्या पट्ट्यांची भाटी तिने घरात घेतली. तिचं नाव ठमी. आता सकाळी ठमी बेडरूमच्या दाराशी बसून हाका मारते, तेव्हा आत्याला उठावंच लागतं. आधी तिचं खाणं, मग वाटीतलं पाणी बदलणं, तिच्या शी-शूचा वाळूचा ट्रे साफ करणं, आणि ओट्याशी आलोच आहोत तर स्वतःचा चहा आणि नाश्ता. दुपारी आत्या मेथी निवडायला बसली की ठमी पसरलेल्या वर्तमानपत्रावर बरोबर जुडीच्या शेजारी येऊन पडते, एक पंजा आत्याच्या मांडीवर ठेवते आणि घुरघुरायला लागते. आत्या मेथी निवडता निवडता तिला सगळं सांगत असते: कोणाचा फोन आला, गॅसवाला आला नाही, आज पाठ किती दुखली.

म्हाताऱ्या माणसाची काळजी करणारे पुष्कळ असतात. त्याने कुणाची काळजी घ्यावी, अशी संधी मात्र आपण एकेक करून काढून घेतो: तू उचलू नकोस, तू जाऊ नकोस, मी ऑनलाइन मागवते. मांजर ती संधी परत देतं, आणि झेपेल एवढीच देतं. कुत्र्याला रोज खाली फिरायला न्यावं लागतं, पावसाळ्यातसुद्धा. दुखऱ्या गुडघ्यांना ते जमणार नाही. मांजर दिवसातले बारा ते सोळा तास झोपतं आणि ट्रे वापरायला जवळजवळ आपोआप शिकतं.

'मांजर घराचं असतं, माणसाचं नसतं' असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 साली मांजरांच्या पिल्लांना थोडा वेळ मालकापासून दूर ठेवून परत भेटवलं. सुमारे 64 टक्के पिल्लं मालक परतल्यावर शांत झाली आणि पुन्हा आजूबाजूला खेळायला लागली. लहान मुलांमध्येही साधारण हेच प्रमाण दिसतं. मांजर जीव लावतं, फक्त गाजावाजा करत नाही.

आता मोठंच मांजर का. पिल्लू पायात घुटमळतं, पडद्यावर चढतं, खेळता खेळता ओचकारतं, आणि लसींसाठी त्याच्या दवाखान्याच्या फेऱ्या होतात. शिवाय नीट सांभाळलेलं मांजर पंधरा वर्षंही जगतं, म्हणजे आज पिल्लू आणलं तर आई 83 च्या होईपर्यंतची जबाबदारी. पाच-सहा वर्षांच्या मांजराचा स्वभाव कळलेला असतो: मांडीवर बसणारं आहे की लांबून बघणारं, माणसांना बुजतं की नाही. नसबंदी आणि लसीकरण झालेलं मागा. अशा मांजरांना घर मिळणं अवघड असतं, कारण सगळ्यांना पिल्लू हवं असतं. एका शांत घराची त्यांना खरी गरज असते. पुण्यात प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्था आणि घरी तात्पुरती मांजरं सांभाळणारी माणसं भरपूर आहेत, तिथे चौकशी करा. दुकानातलं पर्शियन घेऊ नका. त्याचे केस रोज विंचरावे लागतात, चपट्या नाकामुळे श्वासाचा त्रास होतो आणि पुण्याचा एप्रिल-मे त्याला सोसत नाही. आपलं देशी मांजर काटक असतं.

घर शाकाहारी असेल तर हा मुद्दा आधीच बोलून घ्या. मांजर दूध-पोळीवर जगू शकत नाही. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातूनच मिळतो; तो कमी पडला तर दृष्टी जाते, हृदय कमजोर होतं. मोठ्या मांजरांना दूधही बहुधा पचत नाही. आत्याचं घर पूर्ण शाकाहारी आहे. तिने मांजराच्या कोरड्या खाण्याचा डबा, वाटी आणि चमचा स्वयंपाकघराबाहेर, गॅलरीतल्या कपाटात ठेवलाय. त्यावरून घरात कधी वाद झालेला नाही.

गुडघ्यांसाठी दोन सोयी करा. ट्रे जमिनीवर न ठेवता रुंद, बुटक्या चौरंगावर ठेवा, म्हणजे वाकावं लागणार नाही. मांजराला तेवढी उडी काहीच नाही. आणि त्याच्या गळ्यात सहज सुटणारा घुंगराचा पट्टा घाला, रात्री पॅसेजमध्ये छोटा दिवा लावा. पायात आलेल्या मांजरामुळे पडण्याची भीती खरी आहे, ती हलक्यात घेऊ नका. गॅलरीला कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मांजर कुरतडतं, तिथे बारीक तारेची जाळी लागेल. आणखी एक, फार महत्त्वाचं: पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. आईंच्या गोळ्या झाकणाच्या डब्यातच राहिल्या पाहिजेत. पुष्पगुच्छात लिली असेल तर तो घरात ठेवू नका, तिने मूत्रपिंडं निकामी होतात.

सोसायटीचं म्हणाल तर, पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय. तरी सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा. 2025 मध्ये हडपसरच्या एका फ्लॅटमध्ये तीनशेच्या आसपास मांजरं सापडल्याची बातमी सगळ्यांनी वाचलीय, त्यामुळे मांजर म्हटलं की काही कमिट्या धसका घेतात. एकच, नसबंदी झालेलं, घरातच राहणारं, एवढं सांगितलं की बहुतेक ठिकाणी विषय संपतो. महापालिकेकडे नोंदणीचीही चौकशी करा.

खर्च म्हणाल तर आत्याचा महिन्याला खाणं आणि वाळू मिळून दीड-दोन हजारांत भागतो, दवाखाना वेगळा. आईंना दम्याचा किंवा ॲलर्जीचा त्रास असेल तर आधी मांजर असलेल्या घरी दोन-तीनदा तासभर बसून बघायला सांगा.

वाढदिवसाची भेट म्हणून अचानक मांजर नेऊन ठेवू नका. पुढच्या वेळी पुण्यात याल तेव्हा त्यांना सोबत घेऊन जा, एकाच दिवशी ठरवू नका. आई आजारी पडल्या किंवा तुमच्याकडे राहायला आल्या तर मांजर कोण सांभाळणार, हे शेजारी किंवा नातेवाइकांशी आत्ताच बोलून ठेवा. घरी आणल्यावर आठवडाभर ते पलंगाखालून बाहेरही येणार नाही, रात्री उठून खाईल. त्याला ओढून काढू नका, त्याच खोलीत ट्रे आणि पाणी ठेवा, आणि आईंना सांगा की जवळ बसून रोज मोठ्याने वर्तमानपत्र वाचा. आत्याने हेच केलं होतं.